ओगिदीचे अचेबे घराणे

परका धर्म गावात आला म्हणजे जुनी दैवते उठतात आणि त्यांच्या जागी नवे दैवत येऊन बसते, असा आपला एक सरधोपट समज असतो. गावाच्या इतिहासात तसे दिसतही असेल. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र गोष्ट इतकी सरळ घडत नाही. नायजेरियाच्या पूर्व भागात, नायजर नदीवरील ओनित्शा शहराजवळ, ओगिदी नावाचे इग्बो लोकांचे गाव आहे. विख्यात कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचे हे गाव. त्यांच्या घराण्यात जे घडले ते त्यांनी स्वतःच आपल्या निबंधांतून सांगून ठेवले आहे. त्यातील काही भाग आज आपणापुढे ठेवावयाचा आहे.

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने १८५७ साली ओनित्शा येथे आपले ठाणे मांडले. पुढे मिशनरी ओगिदीत आले, तेव्हा उदो ओसिन्यी नावाच्या एका मातबर गृहस्थाने त्यांना आपल्या घराच्या आवारात जागा दिली. परंतु थोड्याच दिवसांत त्याने त्यांना तेथून हलावयास सांगितले. कारण धर्मशास्त्राचे नव्हते. मिशनऱ्यांची भजने त्याला फार रडवेली वाटत. ती ऐकून शेजारीपाजारी आपल्याच मरणाचा शोक चालला आहे असे समजतील, ही त्याची धास्ती!

हा उदो एका पोरक्या मुलाचा आईकडचा वडीलधारा आप्त होता, आणि त्यानेच त्या मुलाला वाढविले. तो मुलगा म्हणजे आयझाया ओकाफो अचेबे. मुलगा मिशनच्या शाळेत गेला, ख्रिस्ती झाला, शिकून धर्मशिक्षक झाला. उदोने त्याला अडविले नाही. पुढे नव्या श्रद्धेच्या भरात आयझायाने आपल्या पालनकर्त्यालाच धर्मांतराची गळ घातली, तेव्हा म्हाताऱ्याने आपल्या पदव्यांच्या मानचिन्हांकडे बोट दाखविले आणि मग यांचे मी काय करू, असे विचारले.

हा प्रश्न नीट समजून घ्यावयास हवा. बहुतेक इग्बो गावांना राजा नसे. माणसाने कष्टाने मिळवावे, मिळविलेले गावजेवणांत आणि विधींत खर्चावे, आणि त्यातून एकेक पदवी चढावी, अशी रीत होती. ती चिन्हे टाकावयाची म्हणजे आपण जगलो ते आयुष्यच खोटे होते असे कबूल करावयाचे. या साऱ्या कथेत नव्या धर्मावरचा सर्वांत अवघड आक्षेप मला हाच वाटतो, आणि त्यात कोठल्याही देवाचे नाव नाही.

तथापि आयझायाची बाजूही हलकी नव्हती. जुन्या धर्मात जुळी मुले अशुभ मानून रानात टाकीत. ‘ओसू’ म्हणजे देवाला वाहिलेले लोक. त्यांना व त्यांच्या वंशजांना इतरांनी सोयरिकीत घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. चर्चने या माणसांना दार उघडले. पोरक्या मुलाला तेथे अक्षर मिळाले, बंधुभाव मिळाला. सुमारे तीस वर्षे गावोगाव धर्मशिक्षकाचे काम करून आयझाया १९३५ साली ओगिदीस परतला, तेव्हा धाकटा चिनुआ पाच वर्षांचा होता.

घरात बायबलचे वाचन आणि नित्याची प्रार्थना. शेजारच्या घरांतून मात्र जुने सण चालू. देवाला दाखविलेले अन्न खाऊ नये, अशी मुलांना ताकीद होती. चिनुआ आणि त्याची बहीण गुपचूप जाऊन ते खात. त्या भाताला आणि कालवणाला मूर्तिपूजेची अशी काही निराळी चव कधी लागली नाही, असे अचेबे पुढे मिस्कीलपणे सांगत.

पण आयझायाच्या स्वतःच्या घरात जुने दैवत दुसऱ्याच वाटेने शिरले होते. मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या पतीचे ‘आल्बर्ट’ हे नाव त्याला दिले, आणि त्याला जोडून इग्बो नाव ठेवले ‘चिनुआलुमोगु’. माझा ‘चि’ माझ्यासाठी झुंजो, अशा अर्थाचे. हा ‘चि’ मराठीत सांगणे कठीण आहे. तो आत्मा नव्हे, कुलदैवत नव्हे, निव्वळ नशीबही नव्हे. प्रत्येक माणसाचा आत्मलोकात राहणारा तो जोडीदार. सख्ख्या भावांचाही एक नसतो. माणूस ठामपणे ‘होय’ म्हणाला की त्याचा चि ‘होय’ म्हणतो, असे इग्बो म्हणतात. आणि आपल्या चिशी कोणी कुस्ती धरू नये, असेही तेच म्हणतात. फार काय, ख्रिस्ती प्रार्थनेत इग्बो लोक देवाला ‘चुक्वु’ आणि ‘चिनेके’ म्हणून आळवितात. चि दोन्ही शब्दांत आहेच.

विद्यापीठात गेल्यावर चिनुआने ‘आल्बर्ट’ टाकला, चि ठेवला. त्याच इबादानच्या महाविद्यालयात त्याने धर्मांचा अभ्यास केला, आणि १९७५ साली या चिवर एक स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध केला. १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत बापाचा धर्म सोडून जाणारा एक मुलगा आहे. १९६० सालच्या ‘नो लाँगर ॲट ईज’मध्ये तोच मुलगा म्हातारा धर्मशिक्षक होऊन येतो. ख्रिस्तासाठी त्याने जन्मदाता सोडलेला. पण आपला मुलगा ओसू मुलीशी लग्न करू म्हणतो, तेव्हा हा वृद्ध ख्रिस्ती हादरतो. विधिमंडळाने ओसूप्रथा कायद्याने रद्द केली ती १९५६ साली. विवाह जुळविताना ती चौकशी मात्र त्यानंतरही होत राहिली. नव्या धर्माने घरातील मूर्ती हलविल्या, सोयरिकीचा हिशेब हलविला नाही. आणि अचेबे यांनी हे दाखविताना ना पाद्र्यांची भीड बाळगली ना पूर्वजांची.

२१ मार्च २०१३ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे अचेबे निवर्तले. त्यांचा देह ओगिदीस आणण्यात आला, आणि २३ मे रोजी गावच्या सेंट फिलिप्स चर्चमध्ये प्रार्थना होऊन घराच्या आवारातच त्यांचे दफन झाले. ते घर गावाच्या ज्या भागात आहे त्याचे नाव ‘इकेंगा’. पुरुषाच्या उजव्या हाताच्या कर्तृत्वाची, डोक्यावर शिंगे असलेली जी लाकडी मूर्ती इग्बो माणूस पूर्वी आपल्या घरात पुजीत असे, तिलाही इकेंगा असेच म्हणतात.