पाटी नसलेला प्लंबर

आमच्या पेठेत तीस वर्षं नळदुरुस्ती करणारे एक काका आहेत. दुकान नाही, पाटी नाही. वाण्याकडे ठेवलेला निरोप हीच त्यांची जाहिरात. अलीकडे त्यांचं काम आटत गेलं. कारण मला फोनवर सापडलं. ‘जवळचा प्लंबर’ असं शोधलं, तर दोन गल्ल्या पलीकडे राहणारे काका यादीत नव्हतेच.

म्हणून मी या शोधाचे नियम वाचून काढले. गूगल स्थानिक निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर लावतं : शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती. हा क्रम पैसे भरून वर नेता येत नाही. जाहिरातीची जागा वेगळी. नोंद फुकट होते. घरातून काम करणाऱ्याने पत्ता लपवून २० पर्यंत सेवाक्षेत्रं द्यावीत, व्यवसायाचा वर्ग नेमका निवडावा, फोन आणि वेळा खऱ्या ठेवाव्यात. नावात ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’ असे शब्द घुसडले, तर नोंद निलंबित होऊ शकते. पैसे देऊन अभिप्राय मिळवणंही नियमबाह्य आहे.

छापील यलो पेजेसमध्ये वर्णक्रमाने पहिलं यावं म्हणून लोक ‘ए-वन’सारखी नावं घेत. आता ख्याती मोजली जाते. पण यंत्राला दिसते ती लिहिलेलीच. काकांची सगळी ख्याती तोंडी होती. त्यांच्या मुलीबरोबर बसून आम्ही नोंद केली. अभिप्रायाचा रकाना मात्र कोराच होता. तो भरणं काकांच्या हातात नाही, गिऱ्हाइकांच्या आहे. मीही त्यांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्याबद्दल चार ओळी मी तोवर कधीच लिहिल्या नव्हत्या.