पिंपरी-चिंचवड–चाकण परिसरातील नवोदित नगररचना संशोधक आणि आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका : अडचणी व मार्ग

सारांश : पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यावर नगररचना, वास्तुकला, भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विषयांत दरवर्षी अनेक प्रबंध व प्रकल्प-अहवाल सिद्ध होतात, परंतु त्यांपैकी फारच थोडे आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिकांपर्यंत पोहोचतात. या अपयशाचे कारण सामान्यतः इंग्रजी भाषेत शोधले जाते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, खरी अडचण स्थानिक माहितीचे संशोधन-प्रश्नात रूपांतर करण्याची आहे आणि ती दूर करण्याचे काम महाविद्यालयीन प्राध्यापक करू शकतात.

बीजसंज्ञा : नगररचना, पिंपरी-चिंचवड, चाकण, शोधनिबंध, तज्ज्ञ-परीक्षण, मार्गदर्शन.

१. प्रस्तावना

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांचे रूप पालटले. १९७० साली या गावांची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि १९९७ साली सभोवतालची गावे तीत समाविष्ट झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांच्या पुढे गेली. त्याच काळात पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण हे कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव वाहन उद्योगाचे केंद्र बनले.

एका पिढीच्या डोळ्यांदेखत शेतजमिनीचे शहर झाल्याची अशी उदाहरणे नगररचना शास्त्राच्या दृष्टीने मोलाची असतात. जागतिक विद्वत्तेलाही या परिसराचे महत्त्व जाणवलेले आहे. नेहा सामी यांचा पुण्यातील मगरपट्टा प्रकल्पावरील शोधनिबंध २०१३ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ अर्बन अँड रीजनल रिसर्च’ या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. साई बालकृष्णन यांच्या ‘शेअरहोल्डर सिटीज’ (२०१९) या ग्रंथात मगरपट्टा व लवासा यांच्या जोडीने चाकणच्या शेजारील खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्राचाही अभ्यास आहे. जमीन सोडणारा शेतकरी नव्या शहरात भागधारक म्हणून राहू शकतो का, हा त्यामागील प्रश्न आहे. याच परिसरात राहणाऱ्या, येथील भाषा व कागदपत्रे जाणणाऱ्या नवोदित संशोधकांचे लेखन मात्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील कपाटापलीकडे क्वचितच जाते. असे का घडते आणि त्यावर कोणते उपाय योजता येतील, याचा विचार या लेखात केला आहे.

२. निबंध परत का येतात?

नामांकित पत्रिकेकडे आलेला निबंध प्रथम संपादक वाचतात. बरेचसे निबंध या पहिल्या चाळणीतच, तज्ज्ञांकडे न जाता परत पाठविले जातात. त्यामागे तीन कारणे प्रामुख्याने दिसून येतात.

पहिले कारण म्हणजे अहवाल आणि शोधनिबंध यांतील भेद लक्षात न घेणे. नगररचनेच्या विद्यार्थ्याचे प्रशिक्षण अहवाल लिहिण्याचे असते. स्थान, लोकसंख्या, भूमिवापर, वाहतूक, समस्या व शिफारशी असा त्याचा क्रम असतो आणि तो प्रशासनाला उपयुक्त असतो. शोधनिबंध मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरतो व त्या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर देतो.

दुसरे कारण वाचकाविषयीच्या गृहीतकाचे आहे. ‘चाकणची वाहतूक कोंडी सर्वश्रुत आहे’ असे वाक्य पुण्यातील वाचकाला पटते; नैरोबी किंवा मँचेस्टर येथील वाचकाने चाकणचे नावही ऐकलेले नसते. त्याला हे गाव का समजून घ्यावे, हे पहिल्या दोन परिच्छेदांतच कळले पाहिजे.

तिसरे कारण म्हणजे पूर्वसूरींशी संवादाचा अभाव. संदर्भांची लांबलचक यादी जोडली म्हणजे हा संवाद होत नाही. आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटले, ते कोठे अपुरे पडते आणि प्रस्तुत निबंध त्यात कोणती भर घालतो, हे सांगावे लागते.

इंग्रजीची अडचण खरी आहे, परंतु ती या तिन्हींनंतर येते. प्रश्न नेमका असेल तर भाषा दुरुस्त करता येते. प्रश्नच नसेल तर निर्दोष इंग्रजीही निबंधाला वाचवू शकत नाही.

३. स्थानिक संशोधकाचे भांडवल

या परिसरातील संशोधकाकडे परदेशस्थ अभ्यासकाला सहजासहजी न मिळणारी साधने आहेत. सातबारा व फेरफाराच्या नोंदी, ग्रामसभेची इतिवृत्ते, वृत्तपत्रांतील जाहीर नोटिसा आणि प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांनी नोंदविलेल्या हरकती-सूचना ही सर्व सामग्री मुख्यत्वे मराठीत असते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मोठ्या संख्येने हरकती दाखल झाल्या. नागरिक नियोजनाची भाषा कशी वापरतात, आरक्षण पडलेल्या जमिनीचा मालक कोणता युक्तिवाद करतो आणि भाडेकरूची हरकत तेथे दिसते की नाही, हे अशा अर्जांतून अभ्यासता येते.

विषयांचीही वाण नाही. १९७२ साली स्थापन झालेले पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण २०२१ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले. संपादनाचा मोबदला न मिटलेल्या मूळ जमीनमालकांचे त्यानंतर काय झाले? अनधिकृत बांधकामांवरील शास्तीकर लादणे व पुढे २०२३ मध्ये तो माफ करणे, यातून शासन आणि गुंठेवारीतील घरमालक यांच्या नात्याविषयी काय कळते? पवना धरणातून बंद जलवाहिनीने शहराला पाणी आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. शहराच्या पाण्याची किंमत ग्रामीण भागाने कशी मोजली? यांतील प्रत्येक प्रश्न जगातील अन्य शहरांशी जोडता येतो.

स्थानिक पाहणीतून टिकाऊ ज्ञान निर्माण करण्याची परंपराही पुण्यात आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. घरोघरी जाऊन गोळा केलेल्या माहितीवर आधारलेल्या या कामाचा आधार अभ्यासक आजही घेतात.

४. विषयाकडून प्रश्नाकडे : एक उदाहरण

एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे शीर्षक ‘चाकण औद्योगिक क्षेत्रातील नागरी समस्यांचा अभ्यास’ असे आहे, अशी कल्पना करावी. त्याने महाळुंगे, कुरुळी, निघोजे या गावांतील भाड्याच्या खोल्यांची पाहणी केली आहे. पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ते व भाडे या सर्वांची माहिती त्याच्याकडे आहे. या स्वरूपात निबंध पाठविल्यास तो परत येण्याचीच शक्यता अधिक.

मार्गदर्शकाने येथे विचारावयाचा प्रश्न साधा आहे : ‘या माहितीत तुला कोणत्या गोष्टीचे आश्चर्य वाटले?’ विद्यार्थ्याचे उत्तर कदाचित असे असेल की, औद्योगिक क्षेत्राच्या हद्दीत नियोजनाची जबाबदारी औद्योगिक महामंडळाकडे, हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि दैनंदिन सुविधांची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे आहे. परंतु कंत्राटी कामगारांच्या निवाऱ्याची जबाबदारी यांपैकी कोणाच्याच आराखड्यात ठळकपणे नाही. ती गरज गावातील शेतकऱ्यांनी खोल्या बांधून भागविली आहे. येथेच निबंधाचा गाभा सापडतो. नवा प्रश्न असा होईल : ‘अनेक नियोजन संस्थांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे औद्योगिक कामगारांना घर कोण पुरवितो व कोणत्या अटींवर?’

आता पूर्वसाहित्याशी नातेही जोडता येते. जनगणनेनुसार किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असलेल्या गावास, तेथे नागरी स्वराज्य संस्था नसली तरी, ‘जनगणना नगर’ मानले जाते. अशा वस्त्यांच्या वाढीवर एरिक डेनिस व मारी-हेलेन झेरा यांनी संपादित केलेला ‘सबाल्टर्न अर्बनायझेशन इन इंडिया’ (२०१७) हा ग्रंथ उपलब्ध आहे. भारतातील नियोजनाच्या अनौपचारिकतेविषयी अनन्या रॉय यांचा २००९ सालचा ‘प्लॅनिंग थिअरी’ मधील निबंध आहे. विद्यार्थ्याची पाहणी या दोहोंस कोठे दुजोरा देते व कोठे छेद देते, हे लिहिले की त्याचा निबंध चाकणबाहेरील वाचकालाही उपयोगी ठरतो. मूळ प्रबंधातील रस्ते व कचरा यांवरील प्रकरणे या निबंधात येणार नाहीत. ती गाळताना विद्यार्थ्याला वाईट वाटते. मार्गदर्शकाने त्याला त्यातून दुसरा निबंध होऊ शकतो, हे दाखवून द्यावे.

५. पत्रिकेची निवड व फसवणुकीचा धोका

निबंध लिहून झाल्यावर पत्रिका शोधण्याऐवजी लेखनापूर्वीच दोन-तीन पत्रिका निश्चित कराव्यात व त्यांचे अलीकडील अंक चाळावेत. ‘एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन’ ही पत्रिका विकसनशील देशांतील प्रत्यक्ष अनुभवाला व सुबोध लेखनाला महत्त्व देते. ‘हॅबिटॅट इंटरनॅशनल’ मध्ये निवारा व वसाहती यांवरील अभ्यास येतात. शहराच्या उपपत्तीविषयी काही सांगावयाचे असल्यास ‘अर्बन स्टडीज’ सारख्या पत्रिकांचा विचार करावा. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठविणे हा गंभीर दोष मानला जातो, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पैसे घेऊन परीक्षणाविना निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा धोका मोठा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन मान्यताप्राप्त यादीची तपासणी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी केली. विद्यापीठांनी सुचविलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांचे त्यांनी विश्लेषण केले, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांस उतरली नाहीत, असे २०१८ साली ‘करंट सायन्स’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे आलेली केअर यादीही आयोगाने २०२५ साली बंद केली. परिणामी पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी आता महाविद्यालये व प्राध्यापक यांच्यावर आली आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खऱ्या आहेत का, परीक्षणाची पद्धत जाहीर आहे का, एका आठवड्यात स्वीकृतीचे आश्वासन दिले आहे का आणि त्या पत्रिकेतील निबंध अन्य अभ्यासक उद्धृत करतात का, हे चार प्रश्न विचारले तरी बराच धोका टळतो.

शुल्काविषयीही गैरसमज आढळतो. अनेक नामांकित पत्रिकांत वर्गणीच्या मार्गाने निबंध प्रसिद्ध करताना लेखकाला सहसा शुल्क द्यावे लागत नाही. मुक्त प्रवेशाचा पर्याय निवडल्यास मात्र मोठी रक्कम आकारली जाते. वाचनासाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र शासनाची योजना सुरू झाली असून तीत ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका समाविष्ट आहेत. आपली संस्था या योजनेच्या कक्षेत येते का, याची चौकशी ग्रंथपालांकडे करावी.

६. परीक्षकांना उत्तर देणे

निबंध तज्ज्ञांकडे गेल्यावर ‘मोठ्या सुधारणा करून पुन्हा पाठवावा’ असा अभिप्राय येणे ही चांगली खूण आहे. अनेक नवोदित लेखक तो नकार समजून निबंध बाजूला ठेवतात आणि वर्षभराचे श्रम वाया जातात. प्रत्येक आक्षेप स्वतंत्रपणे मांडावा, त्याखाली केलेली दुरुस्ती व तिचे पृष्ठ नमूद करावे आणि एखादा आक्षेप मान्य नसल्यास त्याचे कारण सौम्य शब्दांत द्यावे.

नैतिक बाबींतही सावधगिरी हवी. कंत्राटी कामगाराचे नाव, कारखाना किंवा खोली ओळखू येईल असा तपशील छापल्यास त्याची नोकरी जाऊ शकते. त्याची माहितीपूर्ण संमती घेणे आवश्यक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने भाषा सुधारली असल्यास पत्रिकेच्या नियमानुसार ते जाहीर करावे आणि प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथातून पडताळावा. केवळ मार्गदर्शक म्हणून, निबंधात प्रत्यक्ष सहभाग नसताना लेखकांत नाव घालण्याची प्रथा प्राध्यापकांनी स्वतःहून सोडावी.

७. महाविद्यालयाची भूमिका

वरील विवेचनाच्या आधारे पुढील गोष्टी अल्प खर्चात करता येतील :

१) महिन्यातून एकदा निबंध-वाचन मंडळ भरवावे. एका संशोधकाचा मसुदा आधी सर्वांनी वाचावा व बैठकीत लेखकाने प्रथम केवळ ऐकावे. मंडळात अन्य विषयाचा किमान एक प्राध्यापक असावा. चाकण न जाणणाऱ्या वाचकाची जागा तो घेऊ शकतो.

२) क्षेत्रपाहणीपूर्वी प्रश्नावली तपासण्यासाठी छोटी नैतिकता समिती नेमावी. आंतरराष्ट्रीय पत्रिका अशा मान्यतेची विचारणा करतात.

३) ग्रंथपालांच्या साहाय्याने पत्रिका-पारख कार्यशाळा घ्यावी.

४) २००७ साली सुरू झालेल्या ‘ऑथरएड’ सारख्या, विकसनशील देशांतील संशोधकांना लेखन-मार्गदर्शन देणाऱ्या उपक्रमांची माहिती विद्यार्थ्यांना द्यावी.

५) निबंधाचा मराठी सारांश तयार करून तो संबंधित ग्रामपंचायतीस व नागरिकांस द्यावा. ज्यांनी माहिती दिली, त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोहोचविणे हे संशोधकाचे कर्तव्य होय.

८. समारोप

२०१६ च्या नियमावलीतील, पीएच.डी. प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. त्यामुळे केवळ अट पूर्ण करण्यासाठी घाईने कोठेही निबंध छापण्याचे प्रयोजन कमी झाले आहे. आता निबंध प्रसिद्ध करावयाचा तो त्यात सांगण्यासारखे काही आहे म्हणून. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या भूमीत असे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जमिनीच्या नोंदी बदलत आहेत, जुन्या नियोजन संस्थांची दप्तरे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात आहेत आणि पहिल्या पिढीचे जमीनदाते व कामगार वृद्ध होत आहेत. हा पुरावा हाती असेपर्यंत त्याचे नेमक्या प्रश्नात रूपांतर करण्यास तरुण संशोधकांना साहाय्य करणे, हे या परिसरातील प्राध्यापकांचे तातडीचे काम ठरते. त्याची सुरुवात एखाद्या विद्यार्थ्याचा मसुदा मनापासून वाचून, त्याच्या समासात एक नेमका प्रश्न लिहिण्याने होऊ शकेल.