काळ्या खडकांना पालवी

मैत्रिणींनो, आपल्या स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या भांड्यांत निकेल हा धातू असतो. तो मिळवताना जमिनीला काय सोसावं लागतं, हे कॅनडातल्या सडबरी गावाची हकीकत वाचली तेव्हा कळलं.

सडबरी ऑन्टारिओ प्रांतात आहे, उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलांच्या दक्षिण कडेला. १८८३ साली रेल्वेचं काम चालू असताना तिथे तांबं-निकेलचं खनिज सापडलं. सुरुवातीला हे खनिज उघड्यावर, लाकडांच्या ढिगांवर महिनोन्‌महिने भाजत. लाकडासाठी जंगल तुटलं, उरलंसुरलं गंधकाच्या धुराने मेलं. माती आंबट झाली, तिच्यात धातू साचले आणि झाडंच नसल्याने ती पावसात वाहून गेली. मैलोन्‌मैल उरले नुसते काळे खडक!

१९७२ मध्ये ३८१ मीटर उंच धुराडं उभारलं. गावातली हवा सुधारली. पण धूर लांबवर जाऊ लागला. आपल्या दारातला कचरा शेजारणीच्या दारात लोटावा, तसंच की हे! खरा फरक पडला तो पुढे गंधकाचं प्रमाणच कमी केल्यावर.

दरम्यान लॉरेन्शियन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहाल्डर यांनी प्रयोग करून पाहिले. चुनखडीची भुकटी पसरली की मातीचा आंबटपणा उतरतो, धातूंचं विष मुळांना फारसं बाधत नाही आणि बी रुजतं. १९७८ पासून गावाने हे काम अंगावर घेतलं. विद्यार्थी आणि नंतर खाणीतलं काम सुटलेले कामगार पोती उचलून खडक चढले. हातांनी भुकटी, खत, गवताचं बी टाकलं. मग पाइनची रोपं लावली. बर्च आणि विलो तर आपणहून आले. २०२२ पर्यंत लावलेल्या झाडांचा आकडा एक कोटीवर गेला.

महिला मंडळात हे सांगितलं, तर एक काकू लगेच म्हणाल्या, "अगं, मग आपणही कुंड्यांत चुना घालू या!" नको हं काकू! आपल्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी मुळातच असते. आधी माती तपासून घ्यायची, मगच औषध.

मला सगळ्यात भिडलं ते पुढचंच. इतकी झाडं लावूनही जुनं जंगल पूर्ण परतलेलं नाही. झाडांखालची पालापाचोळ्याची माती, शेवाळं, लहानसहान रोपटी लवकर येत नाहीत. म्हणून रस्त्याच्या कामात जाणाऱ्या जंगलातल्या मातीचे मुळांसकट तुकडे कापून तिथे नेऊन बसवले. फाटक्या लुगड्याला ठिगळ लावावं तसे! ठिगळाने लुगडं नेसता येतं, पण नवं होत नाही.

आपल्याकडे वृक्षारोपणाचा फोटो निघतो आणि उन्हाळ्यात रोप वाळतं. सडबरीकरांनी चाळीसहून अधिक वर्षं नेट धरला. आपण निदान तीन उन्हाळे तरी पाणी घालू या. आणि उभं झाड तोडायची वेळ आलीच, तर 'त्याबदल्यात दहा लावू' म्हणणाऱ्यांना ठिगळाची गोष्ट जरूर सांगू या.