एका क्रियापदाची चाल

परभाषा शिकतांना मोठमोठे शब्द मनुष्यास फारसे अडवीत नाहींत. ते कोशांत सांपडतात व त्यांचे अर्थ बहुधा ठरलेले असतात. अडवितात ते घरगुती बोलण्यांतले, वरवर क्षुल्लक दिसणारे शब्द. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचें इंग्रजी पोसलें, अशा आमच्यासारख्यांस हा अनुभव पदोपदीं येतो. गेल्या मार्गशीर्षांत अशाच एका शब्दानें आमच्या घरीं घोटाळा केला. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमच्या कन्येचा मुलगा अमेरिकेंत वाढला व तेथेंच कॉलेजांत शिकतो. तो पंधरा दिवसांकरितां आला आणि प्रथम बोरिवलीस आपल्या काकांकडे उतरला. आम्ही राहतों मुलुंडास. आमच्या भ्रमणध्वनीवर त्याचा इंग्रजी निरोप आला कीं, रविवारीं सकाळीं मी आपल्याकडे ‘मोझी’ करीत येईन. चालण्याच्या अर्थाचें हें क्रियापद आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें. कोश काढला. त्यांत पहिलाच अर्थ होता, ‘घाईनें निघून जाणें’. तो वाचून आम्हीं कोश मिटला. खरें सांगावयाचें तर आम्हांस रागहि आला. चार वर्षांनीं नातू येतो आणि येण्यापूर्वींच निघण्याची घाई कळवितो, हें मनास लागलें. आम्ही कुटुंबास म्हणालों, “पुरणाचा घाट घालूं नकोस. तो उभ्या उभ्या येऊन जाणार आहे.” त्यावर उत्तर मिळालें, “तुमच्या पुस्तकांत काय असेल तें असो. पोर घरीं येतंय ना? मग पुरण शिजणारच.”

दहाची वाट पाहिली. स्वारी साडेअकरास दाराशीं आली. स्टेशनापासून पायींच आला होता. पांच रस्त्याशीं थांबून उसाचा रस प्याला, फुलवाल्याशीं मोडक्या मराठींत बोलला, एका जुन्या इमारतीचें छायाचित्र घेतलें. जेवला, निजला, आजीजवळ गप्पा मारीत बसला आणि रात्रीं नऊनंतर निघाला. मध्यंतरीं आम्हीं त्या शब्दाचा अर्थ विचारला. तो हंसून म्हणाला, “आजोबा, मोझी म्हणजे घड्याळाकडे न बघतां चालणं.”

आम्हीं पुन्हां कोश उघडला. दुसरा अर्थ अगदीं हाच होता : सावकाश, विशेष हेतु न धरितां जाणें. चूक कोशाची नव्हती. कांहीं कोशकार शब्दाचा सर्वांत जुना अर्थ प्रथम देतात व प्रचलित अर्थ मागाहून. हें न जाणतां पहिल्याच ओळीवर थांबणारा फसतो. हा शब्द अमेरिकेच्या बोलींतला. लेखांत तो १८२९ पासून आढळतो. आरंभीं त्याचा अर्थ ‘चटकन् निघून जाणें, काढता पाय घेणें’ असा होता. पुढें तो उलटून ‘रमतगमत जाणें’ असा झाला. त्याची व्युत्पत्ति निश्चित नाहीं. स्पॅनिश भाषेंतील ‘वामोस’, म्हणजे ‘चला, जाऊं या’, याच्याशीं कांहींजण त्याचें नातें जोडतात, पण तो केवळ तर्क आहे.

आतां उपयोगाविषयीं. उच्चारांतला झ हा ‘झाड’ या शब्दांतला. क्रियापद अकर्मक आहे. त्याच्यापुढें बहुधा दिशा दाखविणारें अव्यय येतें. ‘मोझी ओव्हर’ म्हणजे रमतगमत इकडे येणें, ‘मोझी अलाँग’ म्हणजे सावकाश पुढें निघणें. शब्द सलगीचा आहे. अर्जांत, सभेच्या वृत्तांतांत किंवा वडील मंडळींस लिहावयाच्या औपचारिक पत्रांत तो शोभत नाहीं. नातवानें तो आम्हांस लिहिला, यांत अनादर नव्हता, आपलेपणा होता.

येथें दोन्ही भाषांचा एक स्वभावभेद ध्यानांत येतो. मराठींत क्रियापद बहुधा साधें राहतें आणि चालण्याची तऱ्हा शेजारच्या अव्ययांत उतरते. मूल दुडुदुडु धांवतें, रागावलेला मनुष्य तरातरा निघतो, म्हातारा पाय ओढीत येतो. इंग्रजींत ही तऱ्हा क्रियापदाच्या पोटांतच असते. ‘टॉडल’ म्हटलें कीं तान्ह्याचीं डळमळतीं पावलें आलीं. ‘अँबल’ हें मूळचें घोड्याच्या एका संथ चालीचें नांव. मराठींतहि एकशब्दी क्रियापदें आहेत : भटकणें, उंडारणें, रेंगाळणें. पण त्यांत वडीलधाऱ्यांच्या कपाळावरची आठी दिसते. ‘मोझी’स तो दोष चिकटलेला नाहीं. म्हणून त्यास मराठी प्रतिशब्द ‘रमतगमत जाणें’ हाच.

संस्कृतांतहि चाल क्रियापदांत शिरते. गतिवाचक धातूस ‘यङ्’ प्रत्यय लागला असतां वारंवारतेचा नव्हे, तर वांकडेंतिकडें जाण्याचा अर्थ घ्यावा, असें पाणिनीनें तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत सांगितलें आहे. त्याप्रमाणें ‘क्रम्’ धातूचें ‘चंक्रम्यते’ होतें, म्हणजे ‘वांकडा चालतो’. त्याच घराण्यांतला ‘चंक्रमण’ शब्द आयुर्वेदांत फेरफटक्यास लागला, आणि बौद्ध भिक्षूंच्या आचारांत ‘चंक्रम’ म्हणजे सावधपणें घातलेल्या येरझारा झाल्या. नातू आदल्याच दिवशीं बोरिवलीजवळचीं कान्हेरीचीं लेणीं पाहून आला होता. तेथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. तेथील भिक्षूंनाहि हा शब्द परिचित असणार, असें सांगतांच तो म्हणाला, “म्हणजे तेहि मोझी करीत होते?” आम्हीं सांगितलें, “अंशतः. ते हिंडत, पण मन हिंडूं देत नसत.”

आम्हां उपनगरवासीयांचीं सारीं क्रियापदें गाडीचीं : गांठणें, पकडणें, सुटणें, चुकणें. कोणी येतों म्हणाला कीं, तो परत कोणत्या गाडीनें जाणार, हाच प्रश्न प्रथम मनांत येतो. त्या कोशांतील पहिला अर्थ आम्हांस इतका चटकन् पटला, याचें कारण ही संवय तर नसेल? नव्या शब्दाचा अर्थ लावतांना तो कोण बोलतो आहे, कोणत्या प्रसंगीं बोलतो आहे, हें पाहावें. आणि तरीहि शंका राहिल्यास राग धरण्यापूर्वीं बोलणाऱ्यासच विचारावें.

नातू परत गेल्यावर आम्हीं त्यास इंग्रजींत चार ओळी लिहिल्या : पुढच्या वेळींहि असाच ‘मोझी’ करीत ये. त्याचें उत्तर आलें कीं, आजोबा, उपयोग अगदीं बरोबर आहे. तें पत्र आम्हीं कुटुंबास वाचून दाखविलें. ती म्हणाली, “कधीं येणार, तें लिहिलंय का?” तें मात्र त्यानें लिहिलें नव्हतें.