डायव्हर वाहत गेला, तर बोट कुठे हवी?



मालवण-तारकर्लीकडे स्कूबामुळे मच्छीमार घरांना बोटीचा नवा धंदा मिळाला. बोटमालक आणि तांडेलांसाठी त्यातली एक महत्त्वाची गोष्ट सांगतो.

पाण्याला ओढ जास्त असली की ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ करतात. डायव्हर ओढीबरोबर पोवळ्यांवरून वाहत जातो. बोट नांगर न टाकता त्याच्या मागे राहते.

हिशोब साधा आहे. एक नॉटची ओढ म्हणजे मिनिटाला सुमारे ३० मीटर. ४० मिनिटांत माणूस सव्वा किलोमीटर लांब! उलट पोहून येणं जमत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ वाढते, अष्टमीच्या भांगाला कमी होते.

म्हणून लक्षात ठेवा:

१. उतरताना माणसं मोजा, चढल्यावर परत मोजा.

२. लाल-नारिंगी लांब फुगा वर आला की खाली माणूस आहे. तो ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून मगच वर येतो. घाई नको. इतर बोटींनी लांबून जावं.

३. माणूस शिडीजवळ यायच्या आधी पंखा बंद.

४. पोवळ्यांवर नांगर नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि मासळीही तिथेच वाढते.

आंग्रिया बँक तर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर खोल समुद्रात. तिथे माणूस नजरेआड झाला, तर शोधायला दुसरी बोट जवळ असेलच असं नाही.

पोस्ट आपल्या खलाशांनाही वाचून दाखवा.