विमानाचे वाटाडे गप्प होतात तेव्हां

सन १९३२ च्या १५ ऑक्टोबर रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, तेव्हां त्यांच्या त्या लहानशा विमानांत रेडिओ नव्हता आणि जमिनीवरून त्यांस वाट दाखविणारेंही कोणी नव्हतें. डोळ्यांना दिसेल ती भूमि हाच त्यांचा वाटाड्या. आज आपल्या कुटुंबांतून कोणी शिक्षणासाठीं, कोणी मुलाच्या किंवा लेकीच्या बिऱ्हाडीं सातासमुद्रांपलीकडे जातें. विमान मध्यरात्रीं मुंबईहून उडतें आणि घरची मंडळी 'सुखरूप पोहोंचलों' एवढ्या दोन शब्दांची वाट पाहत राहतात. त्या विमानाच्या चालकास बहुतेक प्रवासभर खालचें कांहींच दिसत नसतें. तरी तो वाट चुकत नाहीं. याचें श्रेय आतां पुष्कळसें उपग्रहांस असलें तरी जमिनीवर उभ्या असलेल्या कांहीं मुक्या सेवकांसही आहे. या सेवकांची प्रकृति बिघडते तेव्हां काय होतें, आणि ती बिघडल्याची वर्दी वैमानिकास मिळाली नाहीं तर काय होतें, हें पाहण्यासारखें आहे.

हे सेवक म्हणजे बिनतारी लहरी फेंकणारीं केंद्रें होत. व्हीओआर नांवाचें केंद्र वैमानिकास आपण त्याच्या कोणत्या दिशेस आहों हें सांगतें. डीएमई नांवाचें यंत्र अंतर सांगतें. प्रत्येक केंद्र आपलें नांवही सारखें उच्चारीत असतें. मुंबईचें केंद्र मोर्सच्या खुणांनीं 'बीबीबी' असें म्हणत राहतें. यंत्रज्ञ दुरुस्तीस बसले कीं, ही नांवाची खूण बंद करतात. लहरी येत असल्या तरी नांव ऐकूं येत नसेल, तर त्या केंद्रावर विसंबावयाचें नाहीं, असा वैमानिकांचा दंडक आहे. साधी युक्ति, पण मोठ्या शहाणपणाची.

धांवपट्टीवर उतरण्यासाठीं आणखी एक जोडसाधन असतें. त्याचा एक भाग विमानास पट्टीच्या मध्यरेषेवर ठेवतो आणि दुसरा उतरणीची अदृश्य रेषा आंखून देतो. ही रेषा जमिनीशीं सुमारें ३ अंशांचा कोन करते. म्हणजे पट्टीपासून एक सागरी मैल दूर असतां उंची साधारण ३०० फूट, पांच मैलांवर १५०० फूट. ती कळावी म्हणून लहरींवर दोन स्वर चढविलेले असतात; एक सेकंदास ९० कंपनांचा, दुसरा १५० कंपनांचा. विमान रेषेच्या वर गेलें तर पहिला स्वर बलवत्तर होतो, खालीं आलें तर दुसरा. दोन्ही समान झाले म्हणजे कांटा मध्यभागीं स्थिर होतो आणि वैमानिक समजतो कीं, आपण बरोबर वाटेवर आहों.

घरांतलें भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें तर तें कोणाच्या तरी लक्षांत येतेंच, आणि मग त्याकडे पाहून कोणी स्टेशनास निघत नाहीं. परंतु टिकटिक चालू ठेवून वीस मिनिटें मागें पडलेलें घड्याळ गाडी चुकवितें. या केंद्रांचेंही तसेंच आहे. लहरी थांबल्या तर विमानांतील यंत्रावर लाल निशाण पडतें आणि वैमानिक सावध होतो. भय आहे तें केंद्र बोलत राहून भलतेंच सांगूं लागलें तर. म्हणून प्रत्येक केंद्राशेजारीं एक पहारेकरी यंत्र बसविलेलें असतें. लहरींत दोष दिसतांच तें कांहीं सेकंदांत दुसरा प्रक्षेपक चालू करतें किंवा केंद्रच बंद पाडतें, आणि नियंत्रण-मनोऱ्यास तशी खूण देतें.

सन २००० च्या २९ जुलैच्या रात्रीं या पहारेकऱ्यालाच झोंप लागली होती, असें म्हटलें तरी चालेल. एअर न्यूझीलंडचें बोइंग ७६७ जातीचें विमान ऑकलंडहून सामोआ बेटांतील अपिया येथें १७६ माणसें घेऊन येत होतें. विमानतळावर चाललेल्या बांधकामांत मनोऱ्याकडे जाणारी तार तुटली होती. त्यामुळें केंद्राची प्रकृति मनोऱ्यांतील माणसांस कळण्याचा मार्गच उरला नव्हता. इकडे पहारेकरी यंत्रास बगल देणारी कळ दुरुस्तीनंतर तशीच राहून गेली होती. अशा स्थितींत उतरणीच्या रेषेचा प्रक्षेपक बिघडला. दोन स्वर समप्रमाणांत वाहून नेणाऱ्या लहरी निघत होत्या. परंतु वर-खालीं त्यांत जो फरक पडावयाचा, तो पाडणारा भागच नाहींसा झाला होता. परिणाम असा कीं, विमान आकाशांत कोठेंही असो, कांटा मध्यभागींच! लाल निशाण नाहीं, नांवाची खूण व्यवस्थित, सारें कसें जेथल्या तेथें.

स्वयंचलित यंत्रानें ती खोटी रेषा पकडली आणि विमान काळोख्या समुद्रावर उतरूं लागलें. कांटा तर सांगत होता कीं, याहून सुरेख उतरण होणें नाहीं. परंतु चालकांच्या कक्षांत तिघे वैमानिक होते आणि त्यांचें लक्ष एका कांट्यावर खिळलें नव्हतें. दिवे दिसावे तेथें दिसत नव्हते, आणि डीएमईनें दाखविलेलें अंतर उंचीशीं जुळत नव्हतें. पट्टीपासून साडेपांच मैलांवर उंची १६००–१७०० फूट हवी होती. विमान तर पाण्यापासून ४०० फुटांच्याही खालीं आलें होतें. कप्तानानें तत्काळ यंत्रांस पूर्ण जोर देऊन विमान वर उचललें. दुसऱ्या खेपेस त्यांनीं उतरणीच्या रेषेचा नाद सोडला आणि मध्यरेषा व डीएमई यांच्या आधारें सुखरूप उतरले. हा सगळा वृत्तांत कंपनीनें दडपला नाहीं. उलट त्याचा शिक्षणपट करून इतरांच्या वैमानिकांसही दाखविला. हें औदार्य मला त्या वैमानिकांच्या कौशल्याइतकेंच मोलाचें वाटतें.

आपण आहों त्यापेक्षां मुक्कामाच्या जवळ आहों, असा समज झाल्यास काय घडतें हें आपल्याही प्रांतानें पाहिलें आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्रीं मुंबईस उतरूं पाहणारें अलितालिया कंपनीचें विमान जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर आदळून ९४ माणसें मृत्यु पावलीं. तेथें दोष वाट दाखविणाऱ्या केंद्रांचा नव्हता, ठिकाणाच्या अंदाजाचा होता; पण चूक एकाच जातीची.

ग्वाम बेटावर ६ ऑगस्ट १९९७ रोजीं घडलेली गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तेथील उतरणीची रेषा महिनाभर बंद होती. तशी सूचना रीतसर निघाली होती, वैमानिकांस ती ठाऊकही होती, आणि नियंत्रकानेंही ती सांगितली. तरीसुद्धां अखेरच्या मिनिटांत, ती रेषा चालू तर नाहीं ना, असा घोळ कोरियन एअरच्या चालककक्षांत झाला. शिवाय तेथील डीएमई विमानतळावर नसून तीन मैल अलीकडच्या निमित्झ टेकडीवर होतें. त्याच टेकडीवर विमान कोसळलें. २५४ पैकीं २२८ जण गेले. चौकशींत वैमानिकांच्या चुकांवर बोट ठेवलें गेलें. परंतु आणखी एक बाब उघडकीस आली. विमान धोक्याच्या उंचीखालीं आल्यास नियंत्रकास इशारा देणारी जी व्यवस्था जमिनीवर होती, ती फुकटचे इशारे फार देते म्हणून मुद्दाम आवळून ठेवली होती. म्हणजे एका साधनाच्या बंदपणाची वर्दी होती, आणि ज्यानें शेवटच्या क्षणीं हांक मारावयाची त्याच्या बंदपणाची वैमानिकांस वार्ताही नव्हती.

१ जुलै २००२ च्या रात्रीं युबरलिंगेन गांवावर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जीव गेले. त्यांत बरीचशीं शाळकरी मुलें होतीं. त्या वेळीं झुरिक येथें दुरुस्तीचें काम चाललें होतें. नियंत्रकाच्या पडद्यावरचा टकरीचा इशारा आणि मुख्य टेलिफोन हीं दोन्ही बंद होतीं. कार्ल्सरूहे येथील नियंत्रकांस धोका दिसत होता. ते वारंवार टेलिफोन करीत होते. पण तार लागत नव्हती. अपघातास इतरही कारणें होतीं. पण आपल्या पुढ्यांतलीं कोणतीं साधनें मुकीं झालीं आहेत हें त्या एकट्या माणसास कोणीं नीट सांगितलेलें नव्हतें.

वर्दी देण्याची रीत ठरलेली आहे. 'नोटॅम' नांवाचें सूचनापत्र निघतें; आपल्याकडे तें भारतीय विमानतळ प्राधिकरण काढतें. पण त्याची भाषा तारायंत्राच्या काळांतली, संक्षेपांनीं कोंबलेली, आणि एका प्रवासासाठीं त्यांचा गठ्ठाच हातीं पडतो. जुलै २०१७ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोस एअर कॅनडाचें विमान चार विमानें उभ्या असलेल्या वाटेवर उतरतां उतरतां वांचलें. शेजारची पट्टी बंद असल्याची सूचना २७ पानांच्या कागदांत ८ व्या पानावर होती! सत्यनारायणाच्या कथेंत लग्नाचा मुहूर्त छापावा तसेंच हें. आणि ११ जानेवारी २०२३ रोजीं अमेरिकेंतील ही सूचना-यंत्रणाच कांहीं फाइली चुकून पुसल्या गेल्यामुळें बंद पडली, तेव्हां देशभर विमानांचीं उड्डाणें थांबविण्यांत आलीं. प्रवाशांचा संताप झाला. पण मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

उपग्रह आल्यावर जमिनीवरचीं हीं केंद्रें कशास हवींत, असें विचारणारे पुष्कळ आहेत, आणि अमेरिकेनें आपलीं जवळजवळ तिसरा हिस्सा व्हीओआर केंद्रें बंद करण्याचें योजिलें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत युद्धक्षेत्रांच्या आसपास उपग्रहांच्या लहरींत खोट्या लहरी मिसळण्याचे प्रकार वाढले आहेत. भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानेंही २०२३ मध्यें त्याविषयीं इशारा दिला. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या वैमानिकास नकाशावर आपलें विमान भलत्याच ठिकाणीं दिसूं लागतें, आणि त्याचा हात पुन्हां त्या जुन्या केंद्रांकडे जातो. त्यांतलें कोणतें त्या दिवशीं दुरुस्तीसाठीं उघडून ठेवलें आहे, हें मात्र उड्डाणापूर्वींच कोणीं तरी त्याच्या कानीं घातलेलें असावें लागतें.