मोकळी दिसणारी जागा

भाईंदर म्हटले की बहुतेकांना गच्च भरलेली लोकल आठवते. पण स्टेशनाच्या पश्चिमेला उत्तनची बस धरा. राई, मुर्धा, मोर्वा मागे पडतात आणि डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली ही गावे लागतात. हे जुने धारावी बेट. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची खाडी, पूर्वेला तिवरे आणि मिठागरे. खाडीच्या तोंडावरच्या याच टेकडीसाठी 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज झुंजले.

इथे येणारा पाहुणा म्हणतो, ‘काय निसर्गरम्य, किती मोकळी जागा!’ मी कविता लिहिणारा माणूस. तरी या ‘मोकळी’ शब्दाची मला धास्ती वाटते. कारण इथली जागा रिकामी नाही, ती कामावर आहे.

बोंबलाचेच घ्या. ओल्या बोंबलात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी. तो टिकवायचा तर बांबूच्या मांडवावर ऊन-वारा खात सुकवावा लागतो. त्याला अंगण पुरत नाही, किनारा लागतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा हाच सुका म्हावरा घर चालवतो. मिठागरातही उधाणाचे पाणी आत घेऊन उन्हाने आटवतात, तेव्हा कुठे मीठ हाती लागते. म्हणजे किनारा आणि मिठागर हे इथले कारखानेच; फक्त त्यांना छप्पर नाही.

शेजारचे शहर मात्र वाढतच गेले. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2001 मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास होती, 2011 मध्ये आठ लाखांवर गेली. 2002 साली महानगरपालिका झाली. माणसांना घरे हवीत, रेल्वे हवी, हे खरेच. पण पाण्यालाही जागा हवी. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की शहराचे पाणी खाडीत उतरत नाही. ते सखल जागी थांबते. ती जागा भरावाखाली गेली, तर पाणी आपल्या तळमजल्यात येते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईने हा धडा घेतला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली.

डोंगरीच्या टेकडीचेही काम आहे. तिच्यावरची झाडे पावसाचे पाणी मातीत मुरवतात, माती धरून ठेवतात. म्हणूनच 2025 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांना विकासाचे वावडे आहे, असे म्हणणे सोपे आहे. त्यांचा हिशेब मात्र साधा आहे: टेकडी एकदा कापली की पुन्हा उभी करता येत नाही.

तेव्हा नकाशावर एखादी जागा कोरी दिसली, तर आधी एवढेच विचारावे, की तिथे आज कोण काम करते आहे? कोळी, आगरी, शेतकरी, की भरतीचे पाणी?